पंधरावे स्थानक

रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या कुटुंबाने परदेशप्रवासाची आखणी करताना विमानाच्या वेळेआधी एक गोष्ट पाहावी; ती म्हणजे त्या गावचा सूर्यास्त. आपल्याकडे कार्तिकात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. जपानच्या राजधानीत, टोकियोत, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तो साडेचारलाच मावळतो. तेथील घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा साडेतीन तास पुढे असते हे बहुतेकांना ठाऊक असते; पण तेथील दिवस इतक्या लवकर मिटतो हे पहिल्या दिवशी अंधार पडल्यावरच कळते. अशा शहरात चारच्या आत जेवायला पोहोचायचे असेल तर सारी भिस्त आगगाडीवर असते. म्हणूनच तेथील आगगाडी समजून घेणे हा केवळ पर्यटनाचा भाग उरत नाही, तो आचाराचाही भाग होतो.

बार्शीचे एक डाळीचे व्यापारी आणि त्यांच्या पत्नी गेल्या वर्षी याच दिवसांत टोकियोला गेले होते. दोघांनीही साठी ओलांडलेली. पेढी मुलांच्या हाती सोपवून निवांतपणे केलेला हा पहिलाच परदेशप्रवास. त्यांचा पुतण्या टोकियोच्या ओकाचिमाची भागात रत्नांच्या एका पेढीत नोकरीला आहे. ओकाचिमाची ही त्या शहराची जवाहिऱ्यांची पेठ. तेथे भारतीय रत्नव्यापाऱ्यांचा मोठा वावर आहे, त्यांत जैन कुटुंबेही आहेत आणि शाकाहारी जेवणाची सोयही आहे. ही सोय मोलाची; कारण जपानी स्वयंपाकात सुक्या माशाचा अर्क सर्रास वापरतात. वरवर भाजीचे दिसणारे सार किंवा शेवयांचा रस्साही त्यातून सुटत नाही. म्हणून काकांनी आणि काकूंनी ठरविले होते की दिवसभर खाकरा, दशम्या आणि फळे यांवर राहायचे आणि सूर्यास्तापूर्वी पुतण्याच्या घरी ताट मांडायचे. काकूंचा रात्री न जेवण्याचा नियम लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासापासूनचा, म्हणजे अडतीस वर्षांचा. तो एकदाही मोडला नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी पुतण्याने नकाशा पसरून त्यांना टोकियोची रेल्वे समजावून सांगितली. हे शहर एका रेल्वेचे नाही. एका बाजारपेठेत तीन मोठ्या पेढ्या असाव्यात तसे आहे. जे.आर. ही एक, टोकियो मेट्रो ही दुसरी आणि नगरशासनाची तोएई ही तिसरी. मेट्रोचे नऊ मार्ग, तोएईचे चार, शिवाय उपनगरांकडे जाणाऱ्या कितीतरी खासगी कंपन्यांच्या गाड्या. प्रत्येकीचे खाते वेगळे. पर्यटकांसाठी भुयारी रेल्वेचे २४, ४८ आणि ७२ तासांचे तिकीट मिळते. ते मेट्रो आणि तोएईवर चालते, पण जे.आर.च्या दारात चालत नाही. नवख्या माणसाची पहिली फसगत येथेच होते. त्यावर उपाय म्हणजे सुइका किंवा पास्मो हे कार्ड. त्यात आगाऊ पैसे भरायचे, आत जाताना आणि बाहेर पडताना ते दारावर टेकवायचे, की योग्य ते भाडे आपोआप वळते होते. सर्व पेढ्यांत वटणारी जणू ती हुंडीच. पर्यटकांसाठी २८ दिवस चालणारे निराळे सुइका कार्ड असते; मात्र त्यातली उरलेली रक्कम परत मिळत नाही, म्हणून थोडे थोडेच पैसे भरावेत.

कागदी तिकीट काढणाऱ्यासाठीही एक सोय आहे, आणि ती पाहून काका विशेष प्रसन्न झाले. भाडे नीट न कळल्यामुळे एखाद्याने कमी रकमेचे तिकीट काढले, तर त्याला चोर समजत नाहीत. बाहेर पडण्याच्या दाराअलीकडेच एक यंत्र असते. त्यात तिकीट घातले की किती रक्कम राहिली ते दिसते आणि तेवढी भरली की दार उघडते. चूक कबूल करण्याची आणि लगेच भरून देण्याची जागा दारातच ठेवलेली आहे. अचौर्याणुव्रत घेतलेल्या व्यापाऱ्याला याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार, असे काका म्हणाले. वजनकाट्याबाबत त्यांचा हात कधी हलका पडला नव्हता, त्यामुळे त्यांना ते मनापासून पटले.

मग पुतण्याने नकाशावरच्या एका पोपटी वर्तुळावर बोट ठेवले. ही यामानोते मार्गिका. लांबी साडेचौतीस किलोमीटर, स्थानके ३०, आणि पूर्ण फेरीला लागतो सुमारे एक तास. टोकियो, उएनो, इकेबुकुरो, शिंजुकू, शिबुया, शिनागावा ही शहरातली मोठी नावे याच माळेत ओवलेली आहेत. प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक क्रमांकही आहे. टोकियो ०१, तेथून कांदा ०२, आकिहाबारा ०३, ओकाचिमाची ०४, असे मोजत शेवटी युराकुचो ३०. आणि त्यापुढे पुन्हा टोकियो ०१. जपानी अक्षरे वाचता येत नसली तरी रंग आणि अंक कळले म्हणजे माणूस हरवत नाही. पुतण्याने एका जाड कागदावर पोपटी पेनाने मोठ्या अक्षरांत ‘जेवाय ०४’ असे लिहिले, खाली जपानीत ओकाचिमाचीचे नाव आणि स्वतःचा दूरध्वनी क्रमांक लिहिला, आणि तो कागद काकांच्या हाती दिला. काकांनी तो पाहिला आणि घरातले सगळे कागद जेथे जातात तेथे, म्हणजे काकूंच्या पिशवीत, ठेवून दिला.

पुढच्या दिवशी सकाळी दोघे हाराजुकूला गेले. स्थानकाला लागूनच मेइजी देवस्थानाचे अरण्य आहे. १९२० मध्ये हे देवस्थान स्थापन झाले, त्या वेळी देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडे पाठविली आणि ओसाड जागेवर माणसांच्या हातांनी हे वन उभे राहिले. आज सुमारे ७० हेक्टरांच्या त्या झाडीत शिरले की पलीकडच्या रस्त्याचा आवाजसुद्धा येत नाही. लावलेले झाड शंभर वर्षांनी रान होते, हे काकूंना फार आवडले. एका बाकावर बसून दोघांनी खाकरे खाल्ले, आणि कचऱ्याचे डबे रस्त्यांवर फारसे दिसत नसल्यामुळे कागद घडी करून पिशवीतच ठेवले.

पावणेतीनला ते फलाटावर आले. हिशेब सरळ होता. अर्ध्या तासाचा प्रवास, साडेतीनपर्यंत ओकाचिमाची, चारच्या आत जेवण. सूर्यास्तापूर्वी दोन घटका हात धुवावेत असे जाणते सांगतात. तेवढे नाही तरी सूर्य असेपर्यंत ताट उचलले जाईल अशी वेळ होती.

यामानोतेच्या स्थानकांवर गाडी सुटण्यापूर्वी एक लहानशी धून वाजते. काका जिना चढून वर आले तेव्हा ती वाजतच होती. त्यांनी पाहिले, गाडी पोपटी आहे. एवढे पुरेसे वाटून त्यांनी पावले उचलली, “चल, चल” म्हणाले आणि डब्यात शिरले. काकूंच्या गुडघ्याला तेवढी घाई मानवणारी नव्हती. धून थांबली, दारे मिटली, फलाटावरची बुटकी दारेही मिटली आणि काकांचा चेहरा काचेआड शिबुयाच्या दिशेने निघून गेला.

पुढची गाडी चार-पाच मिनिटांत येणारच होती. दुपारच्या वेळीही या मार्गावर त्याहून फार वाट पाहावी लागत नाही. पण ज्याच्या गावाहून मोठ्या शहराला जाणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याच्या पायांत दारात उभी असलेली गाडी सोडण्याचे बळ सहजासहजी येत नाही.

आता परिस्थिती अशी होती. दूरध्वनी काकांच्या खिशात होता. पण त्याला जाळे पुरविणारे भाड्याचे लहान यंत्र काकूंच्या पिशवीत होते. गाडी लांब गेली तशी दोन्ही वस्तू निरुपयोगी झाल्या. पैशांचे पाकीट काकांकडे होते. काकूंकडे स्वतःचे सुइका कार्ड होते, मनगटावर घड्याळ होते आणि पिशवीत तो जाड कागद होता. अडतीस वर्षे त्या पतीच्या पाठोपाठ चालल्या होत्या. पंढरपूर, कुंथलगिरी, शिखरजी, कोठेही गाडीचा नंबर त्यांनी कधी पाहिला नव्हता. पाहण्याची वेळच आली नव्हती.

काका शिबुयाला उतरले. त्यांनी मनाशी ठरविले की ती तेथेच थांबली असेल, आणि उलट दिशेची गाडी पकडून ते हाराजुकूला परतले. काकूंनी इकडे एक गाडी जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली. मग त्यांच्या मनात आले की माणूस जेवणाच्या ठिकाणी पुढे गेला असेल, सूर्य कोणासाठी थांबत नाही, आणि इथे उभे राहून दोघांचाही नियम अडचणीत येईल. त्या तिसऱ्या गाडीत चढल्या. काकांना परत आणणारी गाडी समोरच्या फलाटाला लागली तेव्हा काकूंची गाडी नुकतीच सुटली होती.

डब्यात कोणी बोलत नव्हते. टोकियोच्या गाडीत दूरध्वनीवर बोलणे असभ्य मानतात आणि आपसांतले बोलणेही हलक्या आवाजात चालते. ती शांतता काकूंना प्रथम जड वाटली, मग तिचाच आधार झाला. दाराच्या वर एक पडदा होता. त्यावर पुढच्या स्थानकाचे नाव आणि क्रमांक उमटत होता: २०. त्यांनी पिशवीतला कागद काढला. कागदावर ०४. म्हणजे अंक वाढत चालले आहेत, आणि जायचे आहे लहान अंकाकडे. क्षणभर त्यांच्या पोटात गोळा आला. आपण उलट्या दिशेला बसलो की काय? मग त्यांना रात्रीचे ते वर्तुळ आठवले. तिसानंतर पुन्हा एक. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजणी सुरू केली. जपमाळ नसताना णमोकार मंत्र ज्या रीतीने मोजायचा, त्याच रीतीने. विसाला पहिले पेर, एकविसाला दुसरे. २५ ला शिनागावा आले, तेव्हा हातावर सहा पेरे झाली होती. तीस आले, अकरा झाली. पुढचे स्थानक पडद्यावर ०१ असे उमटले तेव्हा त्यांचा श्वास मोकळा झाला. पंधराव्या पेराला गाडी ओकाचिमाचीला थांबली. तीन वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.

काका तेथे नव्हते.

दारापाशी खिडकीत बसलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला त्यांनी कागद दाखविला. त्याने जपानीतले नाव वाचले, आपण आहोत तेच स्थानक हे मान हलवून सांगितले आणि खालच्या क्रमांकावर पुतण्याला फोन लावून दिला. दहा मिनिटांत पुतण्या धावत आला.

“काकू, काका कुठे आहेत?”

“पुढे आले असतील असं वाटलं होतं रे.”

तिकडे काका हाराजुकूच्या फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले होते. दाराशी गेले, अरण्याच्या तोंडापर्यंत नजर टाकून आले. ओळखीचा पदर कोठेच दिसेना. ज्या माणसाने बाजार पडला असता कधी आवाज चढविला नाही, त्याला त्या परक्या फलाटावर स्वतःच्या पत्नीचे वर्णन करण्यासाठी शब्द सापडेनात. अखेर त्यांनी स्थानकाच्या खिडकीत जाऊन खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत हकीकत सांगितली. कर्मचाऱ्याने विचारले, जायचे कोठे होते? काकांना स्थानकाचे नाव आठवेना. कागद तर पिशवीत. “चार,” ते म्हणाले, आणि चार बोटे दाखविली. पोपटी वर्तुळावर बोट ठेवल्यावर कर्मचाऱ्याला उलगडा झाला. त्याने ओकाचिमाचीला फोन लावला. तिकडून उत्तर आले की एक भारतीय बाई कागद घेऊन दाराशी आल्या आहेत. तोवर पावणेचार होऊन गेले होते.

या खेपेला त्याने काकांना जी गाडी दाखविली ती दुसऱ्या दिशेची होती, शिंजुकू, इकेबुकुरो, उएनो या बाजूने जाणारी. तेही अंतर पंधराच स्थानकांचे. हाराजुकू आणि ओकाचिमाची ही त्या वर्तुळावर अगदी समोरासमोर आहेत. कोणत्याही अंगाने गेले तरी पंधरावे स्थानक तेच. काकू एका बाजूने आल्या, काका दुसऱ्या बाजूने आले, आणि पोहोचले एकाच दारात. अनेकांताचे प्रवचन ऐकताना मार्ग वेगळे असूनही सत्य एक, हा दृष्टान्त काकांनी अनेकदा ऐकला होता. पण त्या दिवशी त्यांना ते प्रवचन आठवले नाही. त्यांना फक्त दाराशी उभी असलेली पिशवी दिसली आणि पिशवी धरलेला हात दिसला.

तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटे झाली होती. पुतण्याच्या घरी पोहोचेपर्यंत इमारतींच्या मागे सूर्य मावळला. पुतण्याने काकूंना दोनदा विनविले होते की, काकू, तुम्ही तरी घरी चला आणि जेवून घ्या, काका येतीलच. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. त्या दिवशी दोघांचेही ताट झाकलेलेच राहिले. नियम राहिला, जेवण राहून गेले.

रात्री काकांनी विचारले, “अगं, तू तिथेच थांबली का नाहीस?”

“तुम्ही परत याल हे मला कुठं ठाऊक होतं?” काकू म्हणाल्या. “ठरलंच नव्हतं.”

यावर काकांना उत्तर नव्हते. मालाचा भाव, तोल, वायदा, मुदत, हुंडीची तारीख हे सर्व आधी ठरविल्याशिवाय ज्यांनी चाळीस वर्षे एक पोते हलविले नाही, त्यांनी सहधर्मचारिणीला घेऊन परक्या देशात पाऊल ठेवताना ‘चुकामूक झाली तर काय’ एवढा एक करार केला नव्हता. हा विसर एका घराचा नाही. आपल्या बहुतेक कुटुंबांत प्रवासाचे पाकीट, पारपत्र, दूरध्वनी आणि पत्ता एका हातात असतो आणि बाकीचे त्या हातामागे चालतात. त्यामागे सांभाळण्याचीच भावना असते, यात शंका नाही. पण ज्याला सांभाळायचे त्याला पत्ता न देणे ही अपुरी काळजी होय. घरातील स्त्रिया, वडीलधारी माणसे आणि मुले यांच्यापैकी प्रत्येकाजवळ स्वतःचे कार्ड, थोडी रोकड, उतरण्याच्या ठिकाणाचे नाव तेथील लिपीत लिहिलेला कागद आणि चालू असलेला दूरध्वनी असला पाहिजे. आणि एक करार तोंडपाठ हवा. दार मिटले तर गाडीत गेलेल्याने पुढच्याच स्थानकावर उतरून तेथेच थांबावे. फलाटावर राहिलेल्याने त्याच दिशेच्या पुढच्या गाडीने तेथे यावे. एकाने थांबायचे, एकाने हलायचे. दोघेही हलले की चुकामूक होते, आणि दोघेही थांबले की दोन फलाटांवर संध्याकाळ होते.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर दशम्या खाऊन दोघे पुन्हा बाहेर पडले. पुतण्याने त्यांना फलाटाच्या टोकाशी उभे करून गाडीच्या शेवटच्या डब्यातला गार्ड दाखविला. पांढरे हातमोजे घातलेला तो मनुष्य हात लांब करून दारांकडे बोट दाखवीत होता आणि स्वतःशीच मोठ्याने काही बोलत होता. जपानी रेल्वेत ही रीत वाफेच्या इंजिनांच्या काळापासून चालत आली आहे. सिग्नल दिसला की नुसता पाहायचा नाही. त्याच्याकडे बोट करायचे आणि त्याचा रंग तोंडाने उच्चारायचा. डोळा, हात आणि वाणी एका कामाला लावली म्हणजे मन भटकत नाही आणि चूक घटते, असा त्यांचा अनुभव आहे. आपल्याकडे चालताना चार हात जमीन पाहून चालावे, उचलताना-ठेवताना पाहून उचलावे-ठेवावे, असे समितींचे वर्णन साधूंच्या आचारात येते, आणि गृहस्थालाही यतनेने वागण्याचा उपदेश आहे. पोपटी रंग दिसताच गाडीत शिरणे म्हणजे प्रमाद. बोट दाखवून, दिशा उच्चारून, मागे वळून पाहून शिरणे म्हणजे यतना. तो गार्ड काही शास्त्र वाचून आलेला नव्हता, तरी त्याच्या हाताने काकांना तेच शिकविले.

त्यानंतरचे सहा दिवस फलाटावर दोघे तसेच करू लागले. गाडी येण्याआधी काका पाटीकडे बोट करीत आणि दिशा म्हणत. काकू कागदाकडे पाहून अंक म्हणत. मग काकू आधी चढत. आजूबाजूचे लोक हसत नसत. त्यांना ती रीत ओळखीचीच होती. एकदा काका चुकून निळ्या रेघेच्या गाडीकडे वळले. ती काही अंतर पोपटी गाडीला समांतर धावते, पण दुपारच्या वेळी तिच्यातल्या जलद गाड्या सगळ्या स्थानकांवर थांबत नाहीत. काकूंनी नुसते बोट दाखविले. काका परत फिरले.

शेवटचे दोन दिवस त्यांनी कोबेसाठी राखून ठेवले होते. टोकियोहून वेगवान शिंकान्सेन गाडीने पावणेतीन तासांत शिन-कोबे स्थानक येते आणि तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, कितानोच्या चढावर, १९८५ मध्ये उभारलेले संगमरवरी जिनमंदिर आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी तेथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी ते बांधले. कोबे पश्चिमेला असल्यामुळे तेथे सूर्य टोकियोपेक्षा साधारण अठरा-वीस मिनिटे उशिरा मावळतो, हे काकूंनी आदल्या रात्रीच पाहून ठेवले होते. गाडीची तिकिटेही या खेपेला दोन निराळ्या पाकिटांत होती.

दर्शन घेऊन ते खाली उतरले तेव्हा चार वाजायला दहा मिनिटे होती. जेवण व्हायचे होते, आणि ऊन अजून पायऱ्यांवर होते.